‘लॉस्ट’चा शेवट कसा पाहावा : साडूंसह आणि साडूंशिवाय

प्रस्तुत मार्गदर्शिका ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेचा शेवटचा भाग पाहू इच्छिणारे, पाहून बसलेले आणि पाहून भांडलेले अशा तिन्ही वर्गांतल्या सज्जनांसाठी आहे. चौथा वर्ग आमच्या साडूंचा. खरं तर त्यांच्यासाठीच ती लिहिली आहे. पण ते वाचणार नाहीत, कारण त्यांना सगळं ‘पहिल्यापासून माहीत होतं’.

काय माहीत होतं? तर, ‘अहो, ते सगळे विमान पडलं तेव्हाच मेले होते. आपण सहा सीझन भुतं बघत बसलो!’ हे वाक्य ते २०१० सालापासून म्हणत आले आहेत. बारशाला म्हणाले, मुंजीला म्हणाले, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत लाडू वाढणाऱ्याला थांबवून म्हणाले. ज्यांनी मालिकेचं नावही ऐकलेलं नाही अशी माणसं त्यावर माना डोलावतात. मी खालमानेने मठ्ठा पितो. आता मात्र लिहूनच काढतो.

अनभिज्ञांसाठी पार्श्वभूमी. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशिअॅनिक कंपनीचं ८१५ क्रमांकाचं विमान पॅसिफिकमधल्या एका बेटावर कोसळतं आणि बरेच जण वाचतात. बेट निर्जन वाटतं, पण नसतं. रानात एक काळा धूर हिंडतो आणि माणसं मारतो. एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ ला हे सुरू झालं आणि २३ मे २०१० ला संपलं. चित्रण बहुतेक सगळं हवाईतल्या ओआहू बेटावर. पुढे सगळा शेवट उघडा केलेला आहे. इतकी वर्षं उलटल्यावर त्याबद्दल कुणी तक्रार करू नये.

नियम पहिला : जिचा शेवट ठरलेला आहे तीच रहस्यमालिका धरावी.

हा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा. रहस्य लिहिणाऱ्याला अजून किती भाग काढायचे आहेत हेच माहीत नसेल, तर तो उत्तर देत नाही, नवा प्रश्न देतो. ‘लॉस्ट’चं तिसऱ्या सीझनमध्ये हेच झालं. सॉयर आणि केट या प्रमुख पात्रांना भागामागून भाग पिंजऱ्यात डांबून ठेवलं. निकी आणि पावलो नावाचं एक जोडपं कुठूनसं उपटलं. ते प्रेक्षकांना इतकं नकोसं झालं की लेखकांनी त्यांना एका भागात जिवंत पुरलं. (प्रेक्षकांच्या मताचा एवढा तातडीने आदर आमच्याकडे झाला असता तर दादर ते बोरिवली निम्म्या स्टुडिओंत खड्डे दिसले असते.) नायकाच्या दंडावरचं गोंदण कुठून आलं यावर एक अख्खा भाग खर्च झाला, आणि तो पाहिल्यावर कुणालाच आता ते जाणून घ्यायचं नव्हतं, असं लक्षात आलं.

मग मे २००७ मध्ये वाहिनीने आणि लेखकांनी मिळून जाहीर केलं की मालिका २०१० मध्ये संपेल. चांगली चाललेली मालिका तीन वर्षं आधी तारीख सांगून बंद करायची, हे तेव्हा अमेरिकेतही नवलाचं होतं. आणि फरक लगेच दिसला. चौथा सीझन लेखकांच्या संपामुळे चौदाच भागांचा झाला, पण त्यात पाणी घालायला जागाच नव्हती. आपल्याकडे मालिका संपते ती टीआरपी गेल्यावर, एका आठवड्यात. खुनी कोण हे त्या आठवड्यात सेटवर कोण हजर आहे त्यावरून ठरत असावं असा माझा संशय आहे.

नियम दुसरा : सीझन कुठून आले हे विचारू नये.

ते साडू आणायचे, पेन ड्राइव्हमध्ये. विषय संपला.

नियम तिसरा : प्रश्नांची वही ठेवावी, पण ती दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

वहीत तीन रकाने आखावेत : प्रश्न, उत्तर, आणि ‘उत्तर मिळालं तेव्हा कोण झोपलं होतं’. तिसरा रकाना अनुभवातून आलेला आहे.

साडूंचा आवडता प्रश्न ध्रुवीय अस्वलाचा. उष्ण कटिबंधातल्या बेटावर पहिल्याच आठवड्यात पांढरं अस्वल अंगावर येतं, आणि सॉयर ते गोळ्या घालून मारतो. ‘त्या अस्वलाचं शेवटपर्यंत काही सांगितलं नाही,’ हे साडूंचं ‘सगळे मेले होते’च्या खालोखाल दुसरं ब्रीदवाक्य. महाराज, सांगितलंय. सत्तरच्या दशकात त्या बेटावर शास्त्रज्ञांची एक संस्था तळ ठोकून होती. शेजारच्या छोट्या बेटावर त्यांनी प्रयोगांसाठी अस्वलं पिंजऱ्यात ठेवली होती; तेच पिंजरे, ज्यात पुढे सॉयर आणि केटला कोंडलं आणि सॉयरला कळ दाबून बिस्किट मिळवायला अस्वलापेक्षा जास्त वेळ लागला. चौथ्या सीझनमध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात एका अस्वलाचा सांगाडा सापडतो, गळ्यात त्याच संस्थेचा पट्टा. बेट हलवणारं एक भूमिगत चाक आहे, ते फिरवणारा थेट ट्युनिशियात जाऊन पडतो, त्यावरून काय ते समजावं. एवढ्यावर समाधान झालं नाही तर ऑगस्ट २०१० मध्ये डीव्हीडीबरोबर बारा मिनिटांचं एक परिशिष्ट निघालं, ते पाहावं. अस्वलांची हकीकत त्यात पुन्हा एकदा, आमच्या साडूंसारख्यांसाठी काढल्यासारखी, सविस्तर दिली आहे. आकाशातून पॅराशूटने पडणाऱ्या धान्याच्या खोक्यांचाही उलगडा त्यातच होतो.

आता आकडे. ४, ८, १५, १६, २३, ४२. बेटावरच्या तळघरात एक संगणक आहे, दर १०८ मिनिटांनी त्यात हे आकडे भरून बटण दाबलं नाही तर अनर्थ होतो. सहाही आकड्यांची बेरीज १०८ होते. हे साडूंनी शोधून काढलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि त्यांनी फोन करून मला उठवलं. ‘जपमाळेत मणी किती? बोला, किती?’ त्यात त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचं नाव ‘धर्मा’, आणि तिच्या प्रशिक्षणाच्या फिल्ममध्ये पांढऱ्या कोटातला डॉक्टर शेवटी ‘नमस्ते’ म्हणतो. ‘सगळं आपलंच आहे हो!’ सईदचं काम करणारा नवीन अँड्र्यूज लंडनचा, आईवडील मल्याळी, आणि मालिकेत तो इराकी सैनिक. पण साडूंनी त्यालाही कुठेतरी सांगलीकडचा करून टाकलं होतं.

आकड्यांचं उत्तरही आहे, फक्त ते फार साधं आहे. बेटाचा राखणदार जेकब आपल्यानंतर कोण राखण करणार याची यादी करतो, आणि शेवटी उरलेल्या सहा नावांपुढचे ते अनुक्रमांक. विमानातला लॉक चार नंबरचा, नायक जॅक तेविसावा. तेच आकडे संगणकात का आणि विमानातल्याच हर्लीच्या लॉटरीत का, हा उपप्रश्न वहीत तसाच ठेवावा. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या खऱ्या लॉटरीत यातले चार आकडे आले, आणि केवळ मालिकेच्या नादाने ते भरणाऱ्या हजारो लोकांना थोडेफार डॉलर मिळाले. त्यांना काही शंका उरल्या नसाव्यात.

नियम चौथा : ज्याला मालिकेत नावच दिलेलं नाही अशा पात्राकडून काही घेऊ नये.

काळ्या कपड्यांतला एक माणूस, म्हणजेच रानातला तो काळा धूर, शेवटपर्यंत बिननावाचा राहिला.

नियम पाचवा : बैठक, आहार व झोप.

शेवटचा भाग जाहिरातींसकट अडीच तासांचा होता. अमेरिकेत सुमारे साडेतेरा कोटी... नव्हे, हे साडूंचे आकडे. खरे प्रेक्षक सुमारे एक कोटी पस्तीस लाख. ब्रिटनमध्ये तो त्याच क्षणी दाखवला गेला, म्हणजे तिथल्या चाहत्यांनी पहाटे पाचला उठून पाहिला. ही निष्ठा आम्ही फक्त परदेशातल्या क्रिकेटसाठी राखून ठेवतो. आमच्याकडे तो पोचेपर्यंत शनिवार उजाडला. मधले दिवस मी वर्तमानपत्राचं शेवटचं पान न बघता काढले.

साबुदाण्याची खिचडी करू नये; ती खाल्ली की साडूंना झोप येते. आमच्याकडे त्या दिवशी चतुर्थी होती असं नाही, पण हिने मेहुणीला आवडते म्हणून केली. साडूंना भिंतीला टेकू देऊ नये. लोड देऊ नये. पंखा त्यांच्याकडे तोंड करून ठेवू नये. या तिन्ही गोष्टी आमच्याकडे पाहुण्यांचा मान म्हणून साग्रसंगीत केल्या जातात.

नियम सहावा : रडावयाच्या जागा.

रडणं येणारच, त्यामुळे ते आधी ठरवून घ्यावं. शेवटच्या सीझनमध्ये बेटाच्या कथेला समांतर दुसरी एक कथा चालते. तिच्यात विमान पडलेलंच नाही, आणि ही सगळी माणसं लॉस एंजेलिसमध्ये एकमेकांना अनोळखी म्हणून वावरताहेत. शेवटच्या भागात एकेकाला एखाद्या स्पर्शाने बेट आठवतं. सुन आणि जिन या जोडप्याला सोनोग्राफीच्या खोलीत. क्लेअरला बाळंतपणात. आणि सॉयर-ज्युलिएटला रुग्णालयातल्या चॉकलेटच्या यंत्रापाशी : चॉकलेट अडकलेलं, दोघांचे हात लागतात, आणि पुढचे दहा सेकंद माझ्यासारखा निबर माणूस चष्मा पुसायच्या निमित्ताने उठतो. इथे मोकळेपणाने रडावं. संगीतकार मायकल जिआकिनोने या मालिकेच्या संगीतात विमानाच्या खऱ्या तुकड्यांवर ठेका वाजवला आहे, पण रडवायची वेळ आली की तो फक्त पियानो आणि तंतुवाद्यं काढतो, आणि मग कुणाचंच काही चालत नाही.

हा प्रकार जमला कसा, हे तांत्रिकदृष्ट्या पाहण्यासारखं आहे. दर भागाच्या आधी ‘मागील भागात’ म्हणून तुकडे दाखवायची पद्धत असते. ‘लॉस्ट’मध्ये ते म्हणणारा आवाज लॉइड ब्रॉन यांचा, म्हणजे ज्या अधिकाऱ्याने ही मालिका करायला लावली आणि ती पडद्यावर यायच्या आधीच ज्याची नोकरी गेली त्याचा. मालक गेला, आवाज सहा वर्षं राहिला. शेवटच्या भागात लेखकांनी काय केलं, तर प्रत्येक पात्राला त्याचं स्वतःचं ‘मागील भागात’ दाखवलं. आपण सहा वर्षं जे बघितलं ते त्यांना झरझर दिसतं, आणि ती आपल्याकडे, म्हणजे एकमेकांकडे, ओळखीने पाहतात. ही युक्ती पाचव्या भागात चालली नसती, आणि शेवटचा भाग नुसताच पाहणाऱ्यावरही चालत नाही. मध्ये वर्षं जावी लागतात. लेखकाने नव्हे, ती आपण घातलेली असतात.

सोनोग्राफीपाशी साडू हुंदके देत होते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

नियम सातवा : देवळातला खुलासा जागेपणी ऐकावा.

संपूर्ण मार्गदर्शिकेचा गाभा इथे आहे, तरी वाचकाने सरसावून बसावं. शेवटी जॅक एका प्रार्थनास्थळात जातो. मागच्या खोलीत रंगीत काचांची खिडकी आहे, तिच्यावर क्रूस, चंद्रकोर, ज्यूंचा तारा, धर्मचक्र, चिनी यिन-यांग आणि चक्क ॐ. तिथे त्याचे मेलेले वडील भेटतात आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगतात की बेटावर जे घडलं ते सगळं खरं होतं. सगळं. इथली माणसं मेली आहेत, पण कुणी जॅकच्या आधी, कुणी त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी. ही जागा त्यांनीच मिळून उभी केली, पुढे जाण्याआधी एकमेकांना सापडावं म्हणून. म्हणजे विमान पडलं तेव्हा मेले ते तेव्हा मेले. बाकीचे आपापल्या वेळी, काही म्हातारे होऊन. जगात दुसऱ्या कुठल्याही रहस्यमालिकेने आपल्या शेवटाचा इतका स्वच्छ खुलासा केलेला नाही.

साडू तेव्हा घोरत होते.

खिचडी, लोड, पंखा. आणि ते जागे झाले ते नेमके श्रेयनामावली लागल्यावर. आता इथे एबीसी वाहिनीचा हात आहे. नामावलीमागे त्यांनी ओसाड किनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं दाखवली. माणूस एकही नाही, नुसत्या लाटा. लेखकांचा त्याच्याशी संबंध नव्हता. इतक्या हळव्या शेवटानंतर एकदम रात्रीच्या बातम्या नकोत म्हणून वाहिनीने भरलेली ती जागा होती, आणि हे वाहिनीने नंतर जाहीरही केलं. पण साडूंनी डोळे चोळत काय पाहिलं? विमान, वाळू, आणि जिवंत कुणी नाही. ‘बघा,’ म्हणाले, ‘म्हटलं नव्हतं मी?’

म्हटलं नव्हतं.

नियम आठवा : वडीलधाऱ्यांच्या शंकांचं आधी निरसन करावं.

सासूबाईंनी मालिकेचा एवढा एकच भाग पाहिला, तोही निवडायच्या मेथीच्या जुडीसह. जॅक बांबूच्या बनात आडवा होतो, विन्सेंट नावाचा कुत्रा येऊन त्याला लगटून झोपतो, जॅकचा डोळा मिटतो. मालिका सुरू झाली तीही याच बनात, हाच डोळा उघडून, हाच कुत्रा येऊन. आम्ही सगळे गप्प. सासूबाई म्हणाल्या, ‘आता त्या मुक्या जनावराला खायला कोण घालणार?’

इतक्या प्रश्नांच्या वह्या भरल्या, हा प्रश्न एकीतही नव्हता. पण उत्तर होतं. रोझ आणि बर्नार्ड हे वयस्क जोडपं बेटाच्या भानगडींना विटून रानात झोपडी बांधून राहिलेलं असतं, आणि कुत्रा त्यांच्याकडेच असतो. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला डेस्मंड नावाच्या पात्राबरोबर तो त्यांच्याकडे दिसतोसुद्धा. तसं सांगितल्यावर सासूबाई ‘हां, मग ठीक’ म्हणून मेथी घेऊन आत गेल्या. मी ओळखत असलेल्यांपैकी या शेवटाने पूर्ण समाधान झालेल्या त्या एकट्या.

नियम नववा : कुरकुर करण्यास हरकत नाही, पण ती योग्य जागी करावी.

मलाही तक्रारी आहेत. सहा वर्षं ज्या दिव्य प्रकाशाची राखण चालली होती, तो एका गुहेत निघाला, आणि तो बंद करायची कळ म्हणजे एक दगड, जो डेस्मंड उपसून काढतो आणि जॅक परत बसवतो. अखिल विश्वाचं रहस्य मोरीच्या बुचासारखं! त्याआधीचा, जेकबच्या आईचा भाग तर मी पुन्हा पाहताना वगळतो आणि इतरांनाही वगळू देतो. छोट्या वॉल्टचं काय झालं? मालिकेत जेमतेम काही महिने उलटले आणि त्याचं काम करणारा मुलगा मात्र खऱ्या वेळात ताडमाड वाढला, म्हणून त्याला मागे सारलं हे कळतं. पण पहिल्या सीझनभर त्याला ‘विशेष’ म्हणून नाचवल्यावर त्याची दखल डीव्हीडीच्या परिशिष्टात? देवळात त्याला जागा नाही, एको नावाच्या पात्राला नाही. पेनी तिथे आहे, जिने त्या बेटावर कधी पाय ठेवलेला नाही. आमच्याकडच्या लग्नांत पत्रिकेत कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही यावरून जे होतं ते इथेही झालं.

बेन देवळाबाहेर बाकावर बसून राहतो, हे मात्र लेखकांचं सगळ्यात मोठं पुण्य. एवढी पापं केलेला माणूस दाराशी येऊन म्हणतो की माझं अजून काही बाकी आहे, आणि हर्ली त्याला सांगतो की दोन नंबरचा माणूस म्हणून तू उत्तम होतास. बेनचं काम करणाऱ्या मायकल इमर्सन या नटाला सुरुवातीला फक्त तीन भागांसाठी बोलावलं होतं.

लेखकांना शिव्याशाप देऊ नयेत. डेमन लिंडेलॉफला इतकी वर्षं इतक्या देण्यात आल्या की २०१३ मध्ये त्याने ट्विटर सोडलं. मग त्याने ‘द लेफ्टओव्हर्स’ ही मालिका केली. जगातली दोन टक्के माणसं एका क्षणात नाहीशी होतात, आणि ती का झाली हे मालिका शेवटपर्यंत सांगत नाही. एकदा पोळलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार?

नियम दहावा : फेरपाहणी.

साडू आता निवृत्त झाले. गुडघे दुखतात, तरी गेल्या महिन्यात डोंबिवलीहून आले आणि पिशवी ठेवायच्या आत म्हणाले, ‘चला, लॉस्ट पहिल्यापासून लावू या. तुमचं काय म्हणणं आहे ते एकदा होऊनच जाऊ दे.’ पेन ड्राइव्ह पूर्वीसारखाच शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. पूर्वी सहा सीझन असेच त्यांच्या खिशातून आले. घाट चढून, शनिवारची सुट्टी घालवून. आपल्याला एकट्याने बघता येत असतानाही हा माणूस आधी एकही भाग उघडत नसे. ‘तुमच्याशिवाय मजा नाही राव’ हे तो अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायचा. ही सोय फार कमी लोकांच्या नशिबी असते, हे या नियमात नमूद करून ठेवतो आणि पुढे जातो.

तर फेरपाहणीची पद्धत. तिसऱ्या सीझनमध्ये त्यांना खुशाल झोपू द्यावं. गोंदणाच्या भागात आपणही झोपावं. ‘पेनीची बोट नाही’ असं चार्ली तळहातावर लिहून दाखवतो, तिथे मात्र उठवावं, कारण तो भाग चुकला तर ते आपल्याला माफ करत नाहीत. सुरुवातीलाच अस्वल आलं की ते विचारतीलच, ‘हे कुठून आलं?’ उत्तर देऊ नये. वही काढून फक्त तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवावं.

शेवटच्या भागाच्या दिवशी खिचडी होणार नाही, असं हिच्याकडून लिहून घेतलं आहे. पोहे होतील. साडूंना पाठ नसलेलं स्टूल. जॅक देवळाच्या दाराशी पोचला की भाग थांबवायचा, सगळ्यांना चहा, साडूंचा बिनसाखरेचा पण कडक, आणि तो कप रिकामा झाल्याची खात्री केल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही. खुलासा संपल्यावर तो मी दोनदा मागे घेऊन लावणार आहे. तेवढ्यात जर त्यांना फोन आला आणि ते गॅलरीत जाऊन बोलू लागले, तर त्यावर या शास्त्रात अजून तरी तोड नाही; फोन फ्रीजवर ठेवून घ्यावा, हे आत्ताच सुचलं.